दादोबा पांडुरंग : इंग्रजी व्याकरणातून मराठीकडे आलेला वैयाकरण

कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेत इंग्रजीचा तास चालू असेल, तर फळ्यावर बहुधा एखादे लांबलचक वाक्य लिहिलेले दिसते आणि त्यातील मुख्य वाक्य कोणते, गौण वाक्य कोणते हे मुलांना विचारले जात असते. मराठीच्या तासाला तेच प्रश्न निराळ्या नावांनी पुन्हा येतात. वाक्य केवल आहे की मिश्र, प्रयोग कर्तरी आहे की कर्मणी, शब्द उभयान्वयी आहे की शब्दयोगी? परीक्षेपुरते पाठ करून विसरून जाण्याचा हा भाग, अशीच बहुतेकांची समजूत असते. या दोन्ही तासांचे नाते मात्र पावणेदोनशे वर्षांहून जुने आहे. मुंबईच्या खेतवाडीत जन्मलेल्या एका तरुणाने इंग्रजी व्याकरण शिकता शिकता आपल्या भाषेचे व्याकरण रचले, तेथून ते सुरू होते. त्या तरुणाचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. 'मराठीचे पाणिनी' ही पदवी लोकांनी त्यांना दिली आणि ती आजही त्यांच्या नावापुढे लावली जाते.

प्रारंभीच एक घोटाळा दूर करायला हवा. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाच्या अनेक पिढ्या ज्या 'तर्खडकरां'च्या भाषांतर पाठमालेवर पोसल्या, ते तर्खडकर म्हणजे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर. दादोबा त्यांच्याआधीचे. आडनाव एक असल्याने एकाचे श्रेय दुसऱ्याला देण्याची चूक सर्रास होते. दादोबांचे कार्य मात्र त्या पाठमालेच्याही मुळाशी आहे, कारण मराठी माणसाला मराठीतून व्याकरण समजावण्याची भाषाच त्यांच्या पिढीने घडवली.

खेतवाडीतील मुलगा

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे वैश्य जातीचे. वसईजवळचे तर्खड हे मूळ गाव आणि त्यावरूनच आडनाव आलेले. पेशवाईचा अंत झाला तेव्हा दादोबा चार वर्षांचे होते. म्हणजे त्यांचे सारे शिक्षण नव्या राजवटीत झाले. गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत मुंबईत शाळा व शालेय पुस्तके यांसाठी १८२२ मध्ये मंडळी स्थापन झाली होती आणि तिच्या शाळांतून इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषांचे नव्या पद्धतीचे शिक्षण मिळू लागले होते. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस, सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे अशी माणसे या मंडळीच्या कामात होती. दादोबा याच शाळेचे विद्यार्थी.

घरातील तिन्ही भाऊ कर्तबगार निघाले. भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मध्ये निनावी पत्रे लिहून इंग्रजी राज्यातील आर्थिक शोषणावर कठोर टीका केली. इतक्या लवकर असे स्पष्ट लिहिणारा हा तरुण १८४७ मध्ये अकाली गेला. धाकटे डॉ. आत्माराम पांडुरंग हे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. इंग्लंडला जाण्यापूर्वी १८७८ मध्ये तरुण रवींद्रनाथ टागोर मुंबईत राहिले ते याच आत्मारामांच्या घरी, आणि त्यांची कन्या अन्नपूर्णा हिच्याकडून रवींद्रनाथांनी इंग्रजी संभाषणाचे धडे घेतले. या कर्तृत्ववान घराण्यातील वडील भाऊ म्हणून दादोबांकडे पाहिले, म्हणजे त्या घरातील धीटपणाची कल्पना येते.

प्रश्न कसा पडला

इंग्रजी शाळेत त्या काळी लिंडले मरे यांचे व्याकरण प्रमाण मानले जाई. मरे मूळचे अमेरिकन. पेनसिल्व्हेनियात जन्मलेले हे क्वेकर पंथीय वकील पुढे इंग्लंडमध्ये यॉर्क येथे स्थायिक झाले आणि तेथील मुलींच्या एका शाळेसाठी त्यांनी १७९५ मध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले. ते इतके लोकप्रिय झाले की जेथे जेथे इंग्रजी शिकवली गेली तेथे तेथे ते पोचले. वर्ण, शब्द, वाक्यरचना आणि छंद अशा चार भागांत सारी भाषा बसवणे, शब्दांच्या जाती ठरवणे, प्रत्येक नियमाखाली उदाहरण देणे आणि मुलाकडून वाक्यातील शब्दन्‌शब्द ओळखवून घेणे, ही त्यांची पद्धत.

परकी भाषा अशी नियमांनी शिकवली जाते, मग आपण रोज बोलतो त्या भाषेचे नियम कोठे आहेत? हा प्रश्न आज साधा वाटतो. त्या काळी तो तसा नव्हता. व्याकरण म्हणजे संस्कृतचे, असे शास्त्रीपंडित मानत. ते पाठशाळेत, पाणिनीच्या सूत्रांतून, वर्षानुवर्षे घोकून शिकायचे. प्राकृत बोलीला शास्त्र कशाला हवे, अशी धारणा होती. शिवाय ते शास्त्र ब्राह्मणांच्या घरात राहिलेले, आणि दादोबा ब्राह्मण नव्हते. लोकांच्या बोलण्याचे शास्त्र रचायला एका वैश्य तरुणाने पुढे यावे, यातच त्या काळाच्या बदलाची खूण आहे.

त्यांच्यापूर्वी प्रयत्न झाले नव्हते असे नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले होते. बंगालमधील सेरामपूरहून विल्यम कॅरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये इंग्रजीत निघाले होते. हे ग्रंथ परदेशी लोकांनी, परदेशी लोकांना आपली भाषा शिकता यावी म्हणून, परक्या भाषेत लिहिलेले. शास्त्रीमंडळींनी मराठीत केलेले एक व्याकरण हस्तलिखितातच राहिले आणि ते प्रकाशात यायला विसावे शतक उजाडले. मराठी मुलाला मराठीतून आपली भाषा समजावून सांगणारे, छापलेले आणि शाळाशाळांतून चाललेले मोठे व्याकरण म्हणून दादोबांच्या पुस्तकाचेच नाव घ्यावे लागते. 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' हे त्यांचे पुस्तक १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी लेखकाचे वय होते अवघे बावीस. त्याच वर्षी 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही मुलांसाठी लहानसे व्याकरण लिहिले. एकाच वर्षी दोन तरुणांना हे काम करावेसे वाटले, यावरून त्याची निकड किती होती ते दिसते.

साचा आणि भाषा

दादोबांनी मरे यांचा साचा समोर ठेवला, परंतु परिभाषा संस्कृतातून घेतली. आज आपण शाळेत शिकतो त्या आठ शब्दजातींकडे पाहावे. यास्काच्या निरुक्तात पदांचे चार वर्ग आहेत : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी ही चार अव्यये मिळून होणारी आठांची मांडणी मात्र इंग्रजी वळणाची आहे. इंग्रजीत नामाच्या आधी येणारा संबंधदर्शक शब्द मराठीत नामाला मागून चिकटतो. म्हणून त्याला 'पूर्व' असे काही न म्हणता 'शब्दयोगी' म्हटले गेले. दोन शब्द किंवा दोन वाक्ये जोडणारा तो 'उभयान्वयी'. नाव नवे, घडण संस्कृत, कल्पना इंग्रजी आणि उदाहरणे मराठी, असा हा चौरंगी व्यवहार होता. तो इतका बेमालूम झाला की ही नावे परंपरेने चालत आलेली आहेत, असेच आज आपल्याला वाटते.

प्रयोगाच्या बाबतीत हा साचा अपुरा पडतो. इंग्रजीत क्रियापदाची रूपे दोन : एक कर्त्याकडून बोलणारे, दुसरे कर्माकडून बोलणारे. मराठीत 'मुलगी पत्र लिहिते' या वाक्यात क्रियापद मुलीच्या मागे चालते. 'मुलीने पत्र लिहिले' या वाक्यात ते पत्राच्या मागे जाते, आणि 'मुलीने चिठ्ठी लिहिली' म्हणताच चिठ्ठीबरोबर बदलते. इंग्रजीच्या दृष्टीने ही तिन्ही वाक्ये एकाच प्रकारची. मराठीच्या दृष्टीने पहिले कर्तरी, पुढची दोन कर्मणी. येथे मरे यांच्या पुस्तकाचा उपयोग नव्हता. कर्तरी, कर्मणी आणि भावे ही तीन नावे संस्कृतातून घेऊन मराठीला लावावी लागली, आणि ती लावताना मराठीचे 'ने' आणि भूतकाळाची रूपे यांचा वेगळा विचार करावा लागला. या प्रयोगांवर पुढे शंभर वर्षे वाद झाले. वाद होण्यासाठी आधी कोणी तरी विषय मांडावा लागतो. तो दादोबांनी मांडला.

वाक्यांच्या प्रकारांची हकिगतही अशीच उद्बोधक आहे. मरे यांच्या पुस्तकात रचनेवरून वाक्ये दोनच जातींची होती, साधी आणि जोडलेली. एक कर्ता व एक पूर्ण क्रियापद असले म्हणजे साधे. अशी दोन-तीन एकत्र आली की जोडलेले. जोडलेल्या वाक्यांत एक स्वतंत्र आणि दुसरे त्याच्यावर अवलंबून असा भेद करून मिश्र वाक्याला वेगळी जागा देण्याची रीत जर्मन वैयाकरणांच्या अभ्यासातून आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती इंग्रजी शाळांत रुजली आणि तेथून मराठी शाळांत आली. केवल, संयुक्त आणि मिश्र ही त्रयी अशी तयार झाली.

हा भेद किती अर्थपूर्ण आहे, हे कर्जत स्थानकावर रोज उतरणारा माणूस सहज सांगू शकेल. 'लोकल कर्जतला पोचली' हे केवल वाक्य. 'लोकल कर्जतला पोचली आणि खोपोलीची गाडी सुटली' हे संयुक्त. दोन घटना शेजारी ठेवल्या, एकीचा दुसरीवर भार नाही. 'लोकल कर्जतला पोचली तेव्हा खोपोलीची गाडी सुटली होती' हे मिश्र. येथे पहिला भाग दुसऱ्याची वेळ सांगण्यापुरता उरला आणि प्रवाशाची सारी चुटपुट मुख्य वाक्यात आली. 'जी लोकल उशिरा आली तिच्यातील प्रवाशांची गाडी चुकली' यात 'जी लोकल उशिरा आली' हे विशेषणाचे काम करते. 'गाडी चुकणार हे मला ठाऊक होते' यात 'गाडी चुकणार' हे नामाचे काम करते. गौण वाक्य म्हणजे नाम, विशेषण किंवा क्रियाविशेषण यांचे काम करणारे वाक्य, एवढे ध्यानात आले की इंग्रजीतील क्लॉज हे प्रकरण निम्मे सोपे होते.

उरलेले निम्मे अवघड का, तेही याच उदाहरणांतून कळते. मराठी 'जो-तो' अशी जोडी लावते आणि 'जो' असलेले वाक्य बहुधा आधी ठेवते. इंग्रजी नाम आधी उच्चारते आणि त्याचे वर्णन करणारे वाक्य त्याच्या पाठीमागे लावते. मराठीत प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' ठेवले की भागते. इंग्रजीत कर्ता आणि सहायक क्रियापद यांच्या जागांची अदलाबदल करावी लागते. याहून मोठा फरक निराळाच आहे. 'कर्जतला उतरून, चहा घेऊन आम्ही खोपोलीची गाडी पकडली' या वाक्यात तीन क्रिया आहेत, पण पूर्ण क्रियापद एकच. म्हणून ते केवल वाक्य. इंग्रजी जेथे स्वतंत्र गौण वाक्य बांधते तेथे मराठी 'उतरून', 'उतरलेला', 'उतरताना' अशी धातुसाधिते वापरून मोकळी होते. मराठी माध्यमाचा मुलगा इंग्रजी लिहिताना जेथे अडखळतो, त्यांतील पुष्कळ जागा या फरकात आहेत. त्या दाखवायच्या तर शिक्षकाला दोन्ही भाषांचे व्याकरण यावे लागते. दादोबांना ते येत होते. १८६० मध्ये त्यांनी 'इंग्रजी व्याकरणाची पूर्वपीठिका' हे पुस्तक मराठीत लिहिले, यामागे हीच गरज दिसते. इंग्रजीकडून मराठीकडे आलेला माणूस मराठीतून इंग्रजीकडे जाणाऱ्यांसाठी वाट बांधत होता.

शिक्षक, सुधारक, अंमलदार

केवळ व्याकरणावर पोट भरण्याची सोय तेव्हाही नव्हती. माळव्यातील जावऱ्याच्या नवाबाचे शिक्षक, मग मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत सहायक शिक्षक, नंतर सुरतेच्या इंग्रजी शाळेत, असा दादोबांचा प्रवास झाला. सुरतेत त्यांच्या आयुष्याचे दुसरे अंग प्रकट झाले. दुर्गाराम मेहताजी आणि इतर मित्रांसह त्यांनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे आणि माणसाची योग्यता त्याच्या गुणांवरून ठरावी, अशी तिची शिकवण होती. जादूटोणा आणि मंत्रतंत्र यांचा खोटेपणा या सभेने उघडपणे दाखवून दिला. मूर्तिपूजा व जातिभेद यांवरील आपले विचार त्यांनी 'धर्मविवेचन' या पुस्तकात मांडले. ते लिहून झाले १८४३ मध्ये आणि छापले गेले १८६८ मध्ये. मधली पंचवीस वर्षे हे हस्तलिखित निवडक मित्रांतच फिरत राहिले.

१८४६ मध्ये ते मुंबईस परतले आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचे प्रमुख झाले. याच सुमारास मुंबईत शिक्षणाच्या माध्यमाचा वाद पेटला होता. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा होता. जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू घेतली. त्यांचे म्हणणे असे की, मूठभरांना परक्या भाषेतून शहाणे करण्यापेक्षा बहुसंख्यांना त्यांच्या भाषेतून ज्ञान द्यावे. या वादात देशी भाषांविरुद्ध नेहमी पुढे केले जाणारे कारण म्हणजे त्यांच्या ठिकाणी शास्त्रीय शिस्त नाही, शब्द नाहीत, पुस्तके नाहीत. मराठीपुरते त्या आक्षेपाला उत्तर छापील स्वरूपात हजर होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला होता, मोल्सवर्थ व मेजर टॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये निघाला आणि व्याकरण दादोबांचे होते. पुढे कँडी यांनी विरामचिन्हे मराठीत रूढ केली. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम यांमुळे वाक्याचे भाग कागदावर डोळ्यांना दिसू लागले.

सप्टेंबर १८४८ मध्ये उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेची मराठी शाखा निघाली. तिचे अध्यक्षपद दादोबांकडे आले. तरुणांनी आपल्या भाषेत शास्त्र, समाज आणि इतिहास यांवर निबंध वाचावेत, हा तिचा उद्देश. १८४९ मध्ये परमहंस सभा स्थापन झाली, तिच्या मागची प्रेरणाही त्यांचीच. ही सभा गुप्त होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करावी लागे आणि अन्य धर्मीयाने भाजलेला पाव खाऊन ती पाळून दाखवावी लागे. आज पावाचा तुकडा खाण्यात कसलेही धाडस वाटत नाही. त्या काळी त्यासाठी जातीबाहेर टाकले जाण्याची, घरात परके होण्याची तयारी ठेवावी लागे. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावे फुटण्याच्या भीतीने सभासद पांगले आणि सभा संपली. उघडपणे उभे राहण्याचे बळ त्या पिढीत अजून आले नव्हते. दादोबांच्याही सुधारकपणाची ही मर्यादा होती. परंतु याच सभेच्या विचारातून, दादोबांच्याच भावाच्या अध्यक्षतेखाली, पुढे प्रार्थना समाज उघडपणे उभा राहिला.

घाट चढून नगरकडे

१८५२ मध्ये सरकारने दादोबांना अहमदनगर येथे डेप्युटी कलेक्टर नेमले. मुंबईहून पुण्याकडे व पुढे नगरकडे जाण्याचा त्या काळचा रूढ मार्ग पनवेल, चौक, खालापूर, खोपोली आणि बोरघाट असा होता. घाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला होता. खोपोलीस नाना फडणिसांनी बांधलेला तलाव आणि देऊळ ही वाटसरूंच्या विसाव्याची जागा होती. रेल्वे अजून सुरू व्हायची होती. ती १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये घाट चढून पलीकडे गेली. कर्जत त्या वेळी ठाणे जिल्ह्यात मोडत होते. आजच्या रायगड जिल्ह्याचा हा भाग म्हणजे मुंबई आणि देश यांच्यामधला उंबरठा होता, आणि नव्या विद्येची पुस्तके, वर्तमानपत्रे व नव्या शाळांचे शिक्षक याच उंबरठ्यावरून वर जात.

नगरला दादोबांनी भिल्लांचे बंड मोडण्यात पुढाकार घेतला आणि सरकारने त्यांना रावबहादूर केले. व्याकरणकाराच्या चरित्रातील हे प्रकरण आजच्या वाचकाला खटकेल. मनुष्यमात्राची जात एक मानणारा माणूस सरकारी अंमलदार म्हणून डोंगरातल्या लोकांविरुद्ध उभा राहिला, हे त्याच्या काळाचे आणि नोकरीचे वास्तव होते. ते झाकण्याचे कारण नाही. धाकट्या भावाने ज्या राज्याच्या लुटीवर लेखणी चालवली, त्याच राज्याचा बहुमान थोरल्याने स्वीकारला. एकाच घरात हे दोन्ही घडले.

नोकरीच्या धकाधकीतही व्याकरण सुटले नाही. १८५० मध्ये त्यांनी आपल्या पुस्तकाची वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली. ते पुन्हा पुन्हा सुधारत राहिले आणि त्यांच्या हयातीत त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. शाळेतल्या मुलांसाठी १८६५ मध्ये त्यांनी 'मराठी लघु व्याकरण' वेगळे केले. त्याच वर्षी मोरोपंतांच्या केकावलीवरची त्यांची टीका 'यशोदा पांडुरंगी' प्रसिद्ध झाली. मूर्तिपूजेवर आघात करणाऱ्या लेखकाने भक्तिकाव्यावर एवढे परिश्रम घ्यावेत, याचे नवल वाटायला नको. केकावलीतील समासांची आणि अन्वयाची गुंतागुंत सोडवणे हा वैयाकरणाचाच आनंद होता. 'विधवाश्रुमार्जन' हे विधवांच्या प्रश्नावरचे त्यांचे लेखन १८५७ मधले. उतारवयात स्वीडिश तत्त्वचिंतक स्वीडनबर्ग यांच्या ग्रंथांनी त्यांना ओढ लावली आणि त्यांवर त्यांनी १८७८ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. 'पारमहंसिक ब्राह्मधर्म' १८८० मध्ये निघाले. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी आत्मचरित्रही लिहिले होते. ते १८४६ पर्यंतच येऊन थांबते. अनंत काकबा प्रियोळकर यांनी ते संपादित करून, पुढील आयुष्याची माहिती जोडून १९४७ मध्ये प्रकाशित केले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईतील शाळा, शिक्षक आणि मुले यांचे इतके जिवंत चित्र मराठीत क्वचितच सापडते.

टीका आणि वारसा

दादोबांच्या व्याकरणावर टीका भरपूर झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याची बारकाईने तपासणी करून त्यातील अनेक मते खोडून काढली. कृष्णशास्त्री गोडबोले यांनी १८६७ मध्ये नवे व्याकरण लिहिले. १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा प्रचंड ग्रंथ आला. कवी केशवसुतांचे हे धाकटे बंधू तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि तर्काच्या काट्यावर त्यांनी दादोबांसह सर्व पूर्वसूरींची मते तोलली. मुख्य आक्षेप एकच होता : मराठीला इंग्रजीचा आणि संस्कृतचा अंगरखा घातला, तो जागोजागी सैल किंवा घट्ट होतो. आक्षेप खरा आहे. मराठीच्या मापाने मराठीचे व्याकरण बेतावे, हा आग्रह आजचे भाषाभ्यासकही धरतात. तरी या सर्वांनी वाद घातला तो दादोबांनी रूढ केलेल्या शब्दांतच. मागच्यांना पुढच्यांचे बोलणे अपुरे वाटावे आणि पुढच्यांना मागच्यांची परिभाषा सोडता येऊ नये, असेच शास्त्र वाढते.

या चरित्राचा आजच्या शाळेशी थेट संबंध आहे. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाऊ लागली. कर्जत आणि खालापूरच्या वाड्यांतील ठाकूर व कातकरी मुलांच्या घरची बोली पुस्तकातील मराठीपेक्षा वेगळी असते. त्या मुलांपुढे एकाच वेळी दोन अपरिचित व्याकरणे येतात, एक प्रमाण मराठीचे आणि दुसरे इंग्रजीचे. गौण वाक्याची व्याख्या त्यांच्याकडून घोकून घेतली, तर ती परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पुसली जाते. त्यांच्या बोलीतले वाक्य आधी फळ्यावर आले, त्याचे भाग त्यांनीच ओळखले, मग मराठीतले आणि नंतर इंग्रजीतले वाक्य त्याच्या शेजारी मांडले, तर व्याकरण त्यांना परके राहणार नाही. आपल्या बोलण्यालाही नियम आहेत हे कळणे, ही शिकणाऱ्या मुलाच्या आत्मविश्वासाची पहिली पायरी असते.

खेतवाडीतल्या दादोबांना ती पायरी परक्या भाषेच्या पुस्तकाने दाखवली आणि बावीसाव्या वर्षी त्यांनी ती मराठी मुलांसाठी बांधून दिली. कातकरी आणि ठाकरी बोलींचे नियम त्या त्या बोली बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्याच शाळांतून मांडले जाणे, हे दादोबांच्या कामाचे आज उरलेले पुढचे पाऊल आहे.